छतावरच्या सोलरवर बर्फ साचला तर

बर्फ पडून गेल्यानंतरची सकाळ पुष्कळदा लख्ख उजाडते. ढग सरलेले असतात, हवा कोरडी असते, ऊन चांगलं असतं. सोलरला हवा तसा दिवस. आणि नेमका त्याच दिवशी छतावरचा कलेक्टर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारी काचेची पेटी किंवा नळ्या, वीतभर बर्फाखाली गाडलेला असतो. पंप चालू-बंद करणाऱ्या घरातल्या कंट्रोलरवर कलेक्टरचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसत राहतं, पंप सुरू होत नाही आणि टाकीतलं पाणी गारच राहतं.

अशा वेळी पहिला विचार येतो तो बर्फ वितळवण्याचा. गरम पाणी ओतू, तापणारी वायर बसवू, मीठ टाकू. पण हा बर्फ वितळवायला किती उष्णता लागते याचा हिशोब एकदा मांडून पाहिला, की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सुटतात. म्हणून आधी तो हिशोब.

शून्य अंशावरच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तापमान एका अंशानेही वाढत नाही, नुसतं रूप बदलण्याचा हा खर्च आहे. तेवढ्याच उष्णतेत एक किलो पाणी शून्यावरून जवळपास ८० अंशांपर्यंत तापतं. आता ताजा, कोरडा बर्फ एका घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतो. २० सेंटिमीटर बर्फ पडला आणि वरचा आकडा धरला, तर प्रत्येक चौरस मीटरवर २० किलो वजन झालं. तो सगळा वितळवायचा तर चौरस मीटरमागे सुमारे १.९ युनिट (एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल) उष्णता हवी. हिवाळ्यातल्या चांगल्या उन्हाच्या दिवशी तोच एक चौरस मीटर कलेक्टर एक-दीड युनिट देईल. म्हणजे दिवसभराच्या कमाईपेक्षा जास्त खर्च नुसता काच मोकळी करण्यात.

पण सगळा बर्फ वितळवायची गरजच नसते. बर्फाचा थर काचेला धरून बसतो तो त्याच्या सगळ्यात खालच्या पातळ पापुद्र्यामुळे. तेवढ्या पापुद्र्याचं पाणी झालं, की वरचा सगळा थर ओल्या काचेवर सुटा होतो आणि उतार पुरेसा असेल तर स्वतःच्या वजनाने खाली येतो. एक मिलिमीटर जाडीचं पाणी म्हणजे चौरस मीटरमागे एक किलो, आणि त्याला लागते ०.१ युनिटपेक्षाही कमी उष्णता. खर्च थेट विसाव्या हिश्श्यावर आला. म्हणून छतावरच्या सोलरचा हिवाळ्यातला प्रश्न वितळवण्याचा कमी आणि घसरवण्याचा जास्त आहे. कलेक्टर निवडण्यापासून तो बसवण्यापर्यंत सगळीकडे हीच एक गोष्ट तपासायची: बर्फ काचेवरून सुटेल का, आणि सुटला तर त्याला जायला जागा आहे का?

बर्फ काचेवरून सुटतो कसा

उतरत्या छतावरच्या सपाट पॅनलकडे बर्फानंतरच्या सकाळी नीट पाहा. वाऱ्याने वरच्या कडेचा बर्फ थोडा उडालेला असतो आणि तिथे बोटभर रुंदीची काळी पट्टी उघडी पडते. ऊन त्या पट्टीवर पडलं की ती झपाट्याने तापते, कारण काळा पृष्ठभाग ऊन शोषतो आणि पांढरा बर्फ ते परत पाठवतो. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परावर्तित करतो. पट्टीतली उष्णता धातूतून आणि काचेतून बाजूच्या झाकलेल्या भागात सरकते. बर्फाची कड मागे हटते, पट्टी रुंदावते, आणखी ऊन शोषलं जातं. हे चक्र एकदा सुरू झालं की वेग घेतं. थोड्या वेळाने खालच्या कडेवरून पाणी ठिबकायला लागतं, थराला एखादी आडवी भेग पडते, आणि मग पूर्ण थर एकदम धप्पकन खाली येतो.

थर पातळ असेल तर उघड्या पट्टीचीही वाट पाहावी लागत नाही. दोन-तीन सेंटिमीटर ताज्या बर्फातून थोडा प्रकाश आरपार जातो आणि खालच्या काळ्या पत्र्याला आतून ऊब देतो. थर जाड होत गेला की हा प्रकाश भराभर कमी होतो आणि वीतभर बर्फाखाली जवळपास अंधारच असतो. म्हणूनच हाताने बर्फ काढताना काच अगदी चकचकीत करायची गरज नाही. पातळ थर राहिला तरी उरलेलं काम ऊन करतं.

बर्फ पडायला लागला तेव्हा काच कशी होती, यावरही बरंच अवलंबून असतं. काच किंचित कोमट असेल तर पहिले कण वितळतात, आणि रात्री तेच पाणी गोठून काचेला चिकटतं. मग वरचा भुसभुशीत बर्फ सहज निघतो, पण खाली काचेवर कडक थर राहतो आणि तो दाद देत नाही. उलट कडाक्याच्या थंडीत पडलेला कोरडा बर्फ काचेला जेमतेम टेकलेला असतो, वाऱ्याच्या एका झोताने निम्मा उडून जातो. शून्याच्या आसपास पडणारा ओला, जड बर्फ सगळ्यात त्रासाचा. त्यामुळे काढायचाच असेल तर बर्फ थांबल्यावर लवकर काढावा. दिवसा अर्धवट वितळून रात्री पुन्हा गोठला की काम दुप्पट होतं.

सपाट कलेक्टर, नळ्या आणि विजेचं पॅनल

या तिघांचं बर्फात वागणं अगदी वेगळं आहे आणि विकत घेताना याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

सपाट कलेक्टर म्हणजे काचेखाली काळा पत्रा, त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या, आणि मागे उष्णतारोधक थर. त्याच्या काचेतून थोडी उष्णता कायम बाहेर गळत असते. एरवी हा दोष, पण बर्फात तोच गुण ठरतो. पत्रा जरा तापला की ऊब काचेपर्यंत येते आणि बर्फाचा खालचा पापुद्रा सुटतो.

निर्वात नळ्यांचा कलेक्टर म्हणजे थर्मासच उलट बाजूने वापरलेला. दोन काचांमधल्या पोकळीत हवा नसल्याने आतली उष्णता बाहेर येत नाही. आत पाणी उकळायच्या बेतात असलं तरी बाहेरची काच हवेइतकीच थंड राहते. कार्यक्षमतेसाठी हे उत्तम, पण बर्फ सुटायला लागणारी ऊब बाहेरच्या काचेला मिळतच नाही. त्यात नळ्यांच्या मधल्या फटींत बर्फ अडकून बसतो. दहिवर (दव गोठून झालेला पांढरा थर) पडलं तर तेही कितीतरी वेळ तसंच राहतं. थंड प्रदेशात नळ्याच चांगल्या, असं सरसकट सांगितलं जातं. जिथे थंडी कडक पण बर्फ कमी, तिथे ते खरं आहे. जिथे वारंवार जड, ओला बर्फ पडतो, तिथे मी चांगल्या उतारावरचा सपाट कलेक्टर निवडेन.

याच गुणामुळे नळ्या तपासायची एक सोपी खूण मिळते. दहिवराच्या सकाळी ऊन पडल्यावर सगळ्या नळ्या पांढऱ्या आणि एकच स्वच्छ दिसत असेल, तर ती एक नळी बिघडलेली असण्याची शक्यता मोठी. तिच्यातला निर्वात गेलाय, आतली उष्णता बाहेर पडतेय, म्हणून तर दहिवर वितळलं. नळीच्या टोकाला आतून चंदेरी मुलामा असतो. हवा शिरली की तो पांढुरका होतो. तोही पाहून घ्यावा.

विजेचं पॅनल या दोघांच्या मध्ये येतं. त्याची काच उन्हात तापते, बर्फ सुटतो, पण बहुतेक पॅनलना ॲल्युमिनियमची चौकट असते आणि तिची कड काचेपेक्षा किंचित वर आलेली असते. वितळलेलं पाणी खालच्या कडेपाशी साचतं, रात्री गोठतं, आणि बर्फाची ती अरुंद पट्टी वरच्या अख्ख्या थराला अडवून धरते. वर सगळं सुटं, आणि खाली दोन बोटांची पट्टी अडून बसलेली. बिनचौकटीचं पॅनल याबाबतीत सरस ठरतं.

खालच्या कडेवर राहिलेल्या त्या पट्टीचं आणखी एक दुखणं आहे. पॅनलमधले वीज तयार करणारे छोटे सेल मालिकेत जोडलेले असतात, त्यामुळे एक झाकला गेला तरी त्याच्या मालिकेतल्या सगळ्यांचा प्रवाह अडतो. नेहमीच्या पॅनलमध्ये अशा तीन मालिका लांबीच्या दिशेने असतात आणि प्रत्येकीला एक बायपास डायोड असतो, म्हणजे ती अडली तर वीज तिला वळसा घालून पुढे जाते. पॅनल उभं बसवलं असेल तर खालच्या कडेवरचा बर्फ तिन्ही मालिकांच्या वाटेत येतो आणि जवळपास सगळी वीज जाते. तेच पॅनल आडवं बसवलं तर एकच मालिका झाकली जाते, उरलेल्या दोन चालू राहतात. अर्ध्या कापलेल्या सेलच्या नव्या पॅनलमध्ये रचना वेगळी असते. ते उभं बसवलं आणि खालची कड झाकली गेली, तरी वरचा अर्धा भाग काम करत राहतो.

उतार

बर्फ पडणाऱ्या प्रदेशात मी सगळ्यात जास्त भर उतारावर देतो, कारण तो एकदाच ठरवायचा असतो आणि पुढे वर्षानुवर्षं फुकट काम करतो. २० अंशांच्या उतारावर बर्फ कित्येक दिवस बसून राहू शकतो. ४५ अंशांच्या पुढे तो बऱ्यापैकी सुटतो, ६० अंशांवर फारसा टिकत नाही, आणि उभ्या भिंतीवर बसतच नाही.

यावर नेहमीची शंका असते की इतका चढा उतार ठेवला तर ऊन कमी मिळेल ना? हिवाळ्यात उलटच आहे. ४५ अक्षांशावर डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर येतो. त्याची किरणं सरळ काचेवर घ्यायची तर उतार हवा ६८ अंश. ६० अंशांवर बसवलेल्या कलेक्टरला दुपारी त्यातला ९९ टक्के भाग मिळतो, ३० अंशांवरच्याला ७९ टक्केच. उन्हाळ्यात चढ्या कलेक्टरवर ऊन तिरकं पडतं आणि कमाई घटते, पण पाणी तापवणाऱ्या यंत्रणेला तेच सोयीचं असतं. उन्हाळ्यात पाणी गरजेपेक्षा जास्त तापणं हीच तिची डोकेदुखी असते. शिवाय जमिनीवरच्या बर्फावरून उसळलेला प्रकाशही चढ्या काचेवर जास्त येतो. दोन्ही बाजूंनी वीज देणाऱ्या पॅनलला तो मागूनही मिळतो, आणि समोरची बाजू झाकलेली असतानाही ते मागून तापून बर्फ लवकर सोडतं.

विजेच्या पॅनलचा हिशोब वेगळा असतो, कारण ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेली यंत्रणा बरीचशी कमाई उन्हाळ्यात करते. तिथे उतार वर्षभराच्या बेरजेवर ठरतो.

उतार पुरेसा आहे पण खाली जागा नाही, ही चूक फार ठिकाणी दिसते. कलेक्टर छताच्या अगदी खालच्या कडेशी, एखाद्या सपाट भागावर उतरणारा, किंवा दुसऱ्या रांगेला खेटून बसवलेला असतो. पहिल्या एक-दोन वेळा बर्फ नीट घसरतो, खाली ढीग होतो, आणि पुढचा बर्फ त्या ढिगाला टेकून वरच थांबतो. मग थर वरपर्यंत चढत जातो. कलेक्टरची खालची कड साचणाऱ्या बर्फाच्या वर राहील इतकी उंच हवी. नळ्यांच्या मागे छतापासून मोकळी फट हवी, म्हणजे बर्फ मधून खाली पडेल. गुळगुळीत पत्र्याच्या छतावर ढीग पुढे सरकतो, खडबडीत छतावर तिथेच अडतो, हेही आधीच लक्षात घ्यावं.

घसरलेला बर्फ पुढे कुठे जातो, याचा विचार बसवतानाच करावा. आठ चौरस मीटर कलेक्टरवरचा २० सेंटिमीटर कोरडा बर्फसुद्धा १६० किलो होतो, ओला असेल तर कितीतरी जास्त, आणि तो एका दमात खाली येतो. खाली दार, पायवाट किंवा मुलांची खेळायची जागा असता कामा नये. जागा बदलता येत नसेल तर छताच्या कडेला बर्फ अडवणारे गज बसवावेत, पण कलेक्टरपासून पुरेसे खाली.

टाकीतली उष्णता उलटी फिरवणं

काही कंट्रोलरमध्ये बर्फ सोडवण्याची सोय असते. पंप थोडा वेळ चालवून टाकीतली उष्णता कलेक्टरकडे पाठवायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण वरचा हिशोब आठवा: चौरस मीटरमागे ०.१ युनिट पापुद्र्यासाठी, आणि कलेक्टरचा पत्रा, काच व द्रव शून्याच्या वर आणायला साधारण तितकीच. चार चौरस मीटरसाठी युनिटभर खर्च धरला आणि पुढे दिवसभर स्वच्छ ऊन असेल, तर तो दुपारपर्यंत भरून निघतो. आकाश ढगाळ असेल तर ही उष्णता वाया गेली. म्हणून हे आपोआप चालू ठेवण्यापेक्षा निरभ्र सकाळी, ऊन छतावर यायच्या सुमारास, हाताने बटण दाबून करावं.

दोन ठिकाणी मात्र हे करू नये. निर्वात नळीच्या आत वाफेवर चालणारी तांब्याची उष्णतावाहक नळी असेल, तर उष्णता खालून वरच जाते. वरच्या टोकाला कितीही गरम द्रव फिरवला तरी खाली काही पोचत नाही, नुसती टाकी गार होते. दुसरं ठिकाण जास्त धोक्याचं. ज्या यंत्रणेत साधं पाणी असतं आणि पंप थांबला की ते खाली उतरून येतं, तिथे शून्याखाली गेलेल्या कलेक्टरमध्ये पाणी चढवलं तर ते वाटेतच गोठू शकतं. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि तांब्याची नळी फाटते. उलटं फिरवणं फक्त ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं रसायन) मिसळलेल्या द्रवाच्या यंत्रणेत, आणि तेही सपाट कलेक्टरवर.

हाताने काढायचा तर

बर्फाळ छतावर चढू नका. कलेक्टरच्या काही दिवसांच्या उष्णतेसाठी मणका मोडून घेण्यात शहाणपण नाही, आणि ओली काच पायाखाली आली तर सावरायला वेळच मिळत नाही. जमिनीवरून लांब दांड्याचं, फोम किंवा मऊ रबराच्या कडेचं खोरं वापरा. धातूची कड काचेवरच्या पातळ मुलाम्याला ओरखडे पाडते, आणि ते कायमचे राहतात. आधी खालची कड मोकळी करा, म्हणजे वरच्या थराला वाट मिळेल. उभं राहायचं ते बाजूला, थराच्या सरळ खाली नाही. दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर वरून विजेच्या तारा जात नाहीत ना, हे आधी पाहा. कडक झालेला थर खरवडू नका, तो उन्हावर सोडा.

नळ्यांवर खोरं चालवूच नये. त्यांची काच जेमतेम दोन मिलिमीटर जाड असते. मऊ कुंचा नळीच्या लांबीच्या दिशेने फिरवावा, किंवा कोरडा बर्फ असेल तर पाला उडवायच्या यंत्राने उडवावा.

गरम पाणी ओतू नका. काचेला तापमानाचा झटका बसतो, आणि ते पाणी खालच्या कडेवर गोठून आधी सांगितलेली पट्टी आणखी जाड करतं. मीठ ॲल्युमिनियम आणि जोडणीचे बोल्ट खातं. विजेच्या पॅनलची काच फुटलेली दिसली तर त्याला हात लावू नका. बर्फ सरकून ऊन पडलं की त्यात ताबडतोब विजेचा दाब (व्होल्टेज) तयार होतो, घरातला मेन स्विच बंद असला तरी.

काचेवर बर्फ चिकटू नये म्हणून लेप बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी असा पारदर्शक लेप अलास्कातल्या पॅनलवर तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्या पॅनलवरून बर्फ बराच लवकर सुटला. बाजारातले नुसते पाणी झटकणारे फवारे वेगळे. पाणी न चिकटणं आणि गोठलेला बर्फ न चिकटणं हे दोन निरनिराळे गुण आहेत, आणि पहिला असला की दुसरा असतोच असं नाही.

हा खटाटोप कधी करावा

कॅनडातल्या एडमंटनमध्ये तिथल्या नॉर्दर्न अल्बर्टा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने वेगवेगळ्या उतारांवर विजेच्या पॅनलच्या जोड्या लावून काही वर्षं मोजमाप केलं. जोडीतल्या एका पॅनलवरचा बर्फ काढायचे, दुसऱ्यावरचा तसाच ठेवायचे. बर्फामुळे वर्षभरात झालेलं नुकसान सगळ्यात कमी उताराला सुमारे पाच टक्के आणि चढ्या उतारांना त्याहून बरंच कमी निघालं. कारण उघड आहे: बर्फाच्या महिन्यांत दिवस लहान, ऊन तिरकं, आणि मुळात कमाईच थोडी. ग्रिडला जोडलेली यंत्रणा असेल आणि उतार बरा असेल, तर बर्फ काढायला बाहेर पडू नका. तो आपला आपण जाईल. काळजी करायचीच तर वजनाची करा, आणि छत किती भार पेलतं हे जाणकाराकडून तपासून घ्या.

पाणी किंवा घर तापवणाऱ्या कलेक्टरचं गणित निराळं आहे. तिथे उष्णतेची गरजच हिवाळ्यात असते. पुढचे दोन-तीन दिवस ऊन आहे असा अंदाज असेल तर पहिल्याच सकाळी बर्फ काढण्याचे कष्ट फळतात. आठवडाभर ढगच असतील तर थांबा.

ग्रिडपासून दूर, बॅटरीवर चालणाऱ्या घराला मात्र एकही उन्हाचा दिवस वाया घालवून चालत नाही. लेड-ॲसिड बॅटरी उतरली की तिच्यातलं आम्ल पातळ होत जातं आणि कडाक्याच्या थंडीत ती गोठून फुटू शकते. अशा घरात सगळी पॅनल छतावर न ठेवता एक-दोन भिंतीवर उभी लावावीत, उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडच्या. उन्हाळ्यात ती कमी देतील. पण बर्फ थांबल्यावर पहिल्या उन्हापासून बॅटरी भरायला तीच लागतील, आणि त्यासाठी कुणाला बाहेर पडावं लागणार नाही.